दोनशे टक्के आवाज : पण कशाचे टक्के?

लॅपटॉपचा आवाज कसा वाढवावा, याविषयीचे सल्ले आज चहूकडून मिळतात. कुणी आवाज शंभर टक्क्यांच्या पुढे नेणारा मोफत प्रोग्राम सुचवतो, कुणी 'बेस' वाढवायला सांगतो, कुणी यंत्रामागे स्टीलची परात उभी करायला सांगतो. या सल्ल्यांची गरज शिक्षकांइतकी क्वचितच कुणाला पडत असेल. एका माणसाने हातभर अंतरावर बसून ऐकावे म्हणून बनवलेले यंत्र आपण चाळीस मुलांच्या वर्गात टेबलावर ठेवतो आणि त्याचा आवाज मागच्या बाकापर्यंत जावा अशी अपेक्षा करतो. मागच्या बाकावरच्या मुलाला आवाज येतो, शब्द येत नाहीत. घरी कोरकू, गोंडी किंवा पावरी बोलणाऱ्या मुलाला तर प्रमाण मराठीतला अर्धवट ऐकू आलेला शब्द अंदाजाने पुरा करणेही अवघड जाते. ते मूल गप्प बसते, आणि आपण समजतो की त्याला विषयात रस नाही.

सगळे सल्ले निरुपयोगी आहेत असे मला म्हणायचे नाही. त्यांतले काही चांगले आहेत. माझा आक्षेप असा, की कोणता उपाय कोणत्या दुखण्यावर हे त्यांत सांगितलेले नसते, आणि 'मोठा आवाज' व 'चांगला आवाज' हे शब्द एकाच अर्थाने वापरलेले असतात. पुष्कळदा या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध जातात. पाठ्यपुस्तकही येथे फारशी मदत करत नाही. आयाम मोठा तर आवाज मोठा, आणि माणसाला २० ते २०,००० हर्ट्झ ऐकू येते, एवढ्यावर ते थांबते.

टक्क्यांचा हिशेब

संगणकातला आवाज म्हणजे आकड्यांची मालिका. सर्वसाधारण ध्वनिमुद्रणात दर सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० आकडे असतात, आणि सोळा बिटांच्या पद्धतीत प्रत्येक आकडा उणे ३२,७६८ ते अधिक ३२,७६७ या मर्यादेत बसवलेला असतो. अँप्लिफायर या आकड्यांच्या प्रमाणात विद्युतदाब तयार करतो. आवाजाची पट्टी पूर्ण वर असताना ३२,७६७ या आकड्याला जो दाब मिळेल, तो त्या यंत्राचा कमाल दाब. कोणताही प्रोग्राम त्याच्या पुढे जाऊ शकत नाही. मग शंभराचे दोनशे टक्के करणारा प्रोग्राम करतो तरी काय? तो आकड्यांना गुणतो, एवढेच.

आता दोन मुद्रणे घेऊ. एका शिक्षिकेने फोन लांब ठेवून पाठ मुद्रित केला आणि त्यातला सर्वांत मोठा आकडा ३,००० भरला. त्याला दहाने गुणले तर ३०,००० होतात. काही बिघडत नाही. आवाज २० डेसिबलने वाढतो आणि कानाला सुमारे चौपट मोठा वाटतो. (मुद्रणातली पंख्याची घरघरही तेवढीच वाढते, हे वेगळे.) दुसरे मुद्रण एखाद्या व्यावसायिक चित्रफितीचे. त्यात मोठ्यात मोठा आकडा आधीच ३०,००० आहे. त्याची दुप्पट ६०,०००, पण जागा आहे ३२,७६७ पुरतीच. वर गेलेला सगळा भाग कापला जातो, आणि आलेखावर जेथे डोंगर होता तेथे पठार दिसते. अशा छाटलेल्या तरंगात मुळात नसलेले तिप्पट, पाचपट वारंवारतेचे अधिस्वर मिसळतात. आवाज चिरकतो तो त्यामुळे.

म्हणजे एकच उपाय पहिल्या मुद्रणाला वरदान आहे आणि दुसऱ्याला शाप. सल्ल्यांत हा भेद जवळजवळ कोठेच नसतो. आपले मुद्रण कोणत्या प्रकारचे आहे हे पाहणे मात्र अवघड नाही. 'ऑडॅसिटी' या मोफत प्रोग्रामात फाईल उघडली की तरंगाची उंची डोळ्यांनीच दिसते. यूट्यूबवरच्या चित्रफितीवर माउसची उजवी कळ दाबून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' उघडले, तर 'कंटेंट लाउडनेस' या ओळीत डेसिबलचा आकडा सापडतो. तो बराच उणे असेल तर मुद्रण मुळातच हळू आहे, आणि गुणायला जागा असण्याची शक्यता आहे. आणखी एक गोष्ट. एका प्रोग्रामातले १५० टक्के आणि दुसऱ्यातले १५० टक्के सारखे असतीलच असे नाही, कारण पट्टी किती सरकवली की आकडे कितीने गुणायचे हे प्रत्येकाने आपापल्या सोयीने ठरवलेले असते. पट्टीवर टक्के लिहायचे आणि ते कशाचे हे सांगायचे नाही, ही पद्धत विज्ञान शिकवणाऱ्याला खटकली पाहिजे.

येथे एक गंमत आहे. सल्ला देणारे आणि त्यांना नावे ठेवणारे, दोघेही ती विसरतात. जे. सी. आर. लिकलायडर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४०च्या दशकात बोलण्याचे तरंग मुद्दाम छाटून श्रोत्यांना ऐकवले. अगदी सगळे माथे कापून केवळ चौकोनी तरंग उरले, तरी शब्द बऱ्याच प्रमाणात कळत होते. आधी उंच वारंवारतेचा भाग वाढवून मग छाटले, तर त्याहूनही चांगले कळत होते. कारण साधे आहे. बोलण्यात स्वर उंचापुरे असतात आणि व्यंजने बुटकी. 'सात' हा शब्द उच्चारून त्याचा आलेख काढा. 'आ'चा डोंगर दिसेल, 'स' आणि 'त' पायथ्याशी लोळत असतील. डोंगराचा माथा कापून सगळाच आलेख वर उचलला, तर व्यंजने स्वरांच्या बरोबरीला येतात. शब्द ओळखू येतो तो मुख्यतः व्यंजनांवरून, आणि गोंगाटात आधी बुडतात तीही व्यंजनेच. म्हणून कमाल शक्ती तेवढीच असताना छाटलेले बोलणे गोंगाटात स्वच्छ बोलण्याहून जास्त कळू शकते. तेव्हा बूस्टर वापरणाऱ्या शिक्षकाला आवाज कुरूप पण सुबोध झाल्यासारखा वाटला, तर तो भ्रम नाही. बोलण्यासाठी थोडा बूस्टर चालेल. गाण्यासाठी, तबल्यासाठी किंवा पक्ष्यांच्या आवाजांच्या पाठासाठी मुळीच चालणार नाही.

स्पीकर फाटेल का?

या प्रश्नावर २०१४ साली एक जाहीर वाद झाला. लॅपटॉपचे स्पीकर बिघडले असता व्हीएलसी प्लेयर वापरल्याचे कारण देऊन डेल कंपनीने हमीखाली दुरुस्ती नाकारली, अशी एका ग्राहकाची तक्रार गाजली. व्हीएलसीमध्ये आवाजाची पट्टी शंभराच्या पुढे जाते, हे त्याचे मूळ. व्हीएलसी बनवणाऱ्यांचे म्हणणे असे, की आमचा प्रोग्राम फक्त आकडे बदलतो, अँप्लिफायरची ताकद वाढवत नाही. ज्या मर्यादेत इतर कोणताही आवाज वाजतो त्याच मर्यादेत आमचाही वाजतो.

हे म्हणणे बरोबर आहे, पण अर्धे. कमाल दाब वाढत नाही हे खरे. परंतु कमाल दाब तोच असताना ज्या-तरंगाने मिळणाऱ्या शक्तीपेक्षा चौकोनी तरंगाने मिळणारी शक्ती दुप्पट असते, कारण चौकोनी तरंग सतत कमाल दाबावरच राहतो. बोलण्याच्या तरंगात तर माथे तुरळक आणि सरासरी फार खाली असते. तो जोराने छाटला तर सरासरी शक्ती कितीतरी पट वाढते. स्पीकरच्या बारीक कॉइलमध्ये ती जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. तेव्हा बूस्टरने कॉइल जास्त तापते, ही तक्रारीच्या दुसऱ्या बाजूची अर्धी गोष्टही खरीच.

तरी माझा कौल व्हीएलसीच्या बाजूने जातो. छाटलेला तरंगसुद्धा मर्यादेतल्या आकड्यांचाच बनलेला असतो. एखाद्या कर्कश गाण्यात किंवा भोंग्याच्या मुद्रणात तसेच आकडे मूळचेच असू शकतात. मर्यादेतले कोणतेही आकडे आले तरी तग धरेल असा स्पीकर किंवा तसे संरक्षण देणे, हे यंत्र बनवणाऱ्याचे काम आहे.

हे संरक्षण आता कोठे गेले आहे हे पाहणे उद्बोधक आहे. ॲपलच्या स्वतःच्या चिपवर चालणाऱ्या मॅकबुकवर लिनक्स आणणाऱ्या 'असाही लिनक्स' या गटाने त्या यंत्रांचे स्पीकर सुरुवातीला बराच काळ बंदच ठेवले होते. हे स्पीकर क्षमतेच्या इतक्या काठावर चालवलेले असतात, की त्यांच्यावर लक्ष ठेवणारा प्रोग्राम नसेल तर कमाल आवाजात ते कायमचे निकामी होऊ शकतात. कॉइलमधला प्रवाह व दाब पाहून तिच्या तापमानाचा अंदाज करणारा आणि गरज पडताच आवाज उतरवणारा प्रोग्राम तयार झाला, तेव्हा कोठे २०२३-२४ मध्ये ते खुले करण्यात आले. अनेक नव्या लॅपटॉपांत आणि फोनांत असा पहारेकरी कंपनीनेच बसवलेला असतो. बूस्टर आवाज ढकलतो, पहारेकरी तो खाली ओढतो, आणि 'दोनशे टक्के करूनही फरक पडला नाही' अशी तक्रार येते. अशा यंत्रावर बूस्टरने पदरात पडते ती केवळ विकृती.

वॅट, हवा आणि अर्धा मिलिमीटर

जाहिरातीत स्पीकरचे वॅट लिहिलेले असतात. हा आकडाही दिशाभूल करणारा आहे. वॅट म्हणजे स्पीकर किती वीज खातो ते. त्यातून किती आवाज निघतो ते नव्हे. चांगल्या कागदी पडद्याच्या स्पीकरमध्येही विजेतला एखादाच टक्का ध्वनीत उतरतो, आणि लॅपटॉपमधल्या इवल्याशा स्पीकरमध्ये त्याहून बराच कमी. शिवाय दोन वॅटचे चार वॅट केले तर वाढ होते ३ डेसिबलची, म्हणजे जेमतेम जाणवण्याइतकी. आवाज दुप्पट मोठा वाटायला सुमारे १० डेसिबल वाढ लागते, म्हणजे शक्ती दहापट हवी. दोनाचे वीस वॅट. ती उष्णता बोटाच्या पेराएवढ्या जागेत जिरवायची कोठे?

पण खरी अडचण विजेची नाही, हवेची आहे. हलत्या कॉइलच्या स्पीकरची आजची घडण राइस आणि केलॉग यांनी १९२५ साली मांडली, आणि तेव्हापासून तिचा मूळ नियम बदललेला नाही. लहान पडद्याने निर्माण केलेला ध्वनिदाब हा पडद्याचे क्षेत्रफळ, त्याचा आयाम आणि वारंवारतेचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असतो. वारंवारता निम्मी झाली की तोच आवाज टिकवायला पडदा चौपट हलला पाहिजे. आकडे घालून पाहू. पडद्याचे क्षेत्रफळ ६ चौरस सेंटिमीटर आणि मध्यापासून त्याची हालचाल अर्धा मिलिमीटर धरू. मोकळ्या हवेत १ मीटर अंतरावर ४०० हर्ट्झला सुमारे ७६ डेसिबल मिळतात. त्याच हालचालीत १०० हर्ट्झला मिळतात फक्त ५२. ही २४ डेसिबलची तूट भरून काढायला पडदा सोळापट, म्हणजे ८ मिलिमीटर पुढे आणि तेवढाच मागे गेला पाहिजे. पुष्कळ लॅपटॉपांची एकूण जाडीच तेवढी असते! त्यात भर म्हणजे खालच्या वारंवारतेला कान तसाही मंद असतो. सारख्याच डेसिबलचा १०० हर्ट्झचा सूर १,००० हर्ट्झच्या सुरापेक्षा हळू ऐकू येतो, हे फ्लेचर व मन्सन यांनी १९३३ साली मोजून दाखवले. कान सर्वांत तीक्ष्ण असतो तो ३,००० ते ४,००० हर्ट्झच्या आसपास.

म्हणून 'बेस वाढवा' हा सल्ला मला सगळ्यांत वाईट वाटतो. जे काम स्पीकर करूच शकत नाही त्यासाठी तो पडद्याची हालचाल आणि अँप्लिफायरची ताकद दोन्ही खर्ची घालतो. पडदा खालच्या सुरांच्या नादात टोकाला जाऊन आदळत असताना त्याच्यावरच स्वार झालेली व्यंजनेही विकृत होतात. वर्गासाठी याच्या बरोबर उलट करावे. इक्वलायझरमध्ये २०० हर्ट्झच्या खालच्या पट्ट्या उतरवाव्यात आणि २,००० ते ४,००० हर्ट्झच्या पट्ट्या तीन-चार डेसिबलने चढवाव्यात. त्याने जी जागा मोकळी होते ती शब्दांच्या कामी येते. आवाज थोडा पत्र्यासारखा होईल, होऊ द्यावा.

यावर कुणी विचारील, की पुरुषाच्या आवाजाचा मूलस्वर १००-१५० हर्ट्झचा असतो, तोच कापला तर आवाज बायकी होणार नाही का? होत नाही. जुन्या टेलिफोनमधून ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच टापू जात असे, तरीही पलीकडे वडील आहेत की आई हे चटकन कळे. मूलस्वर गायब असला तरी त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेच्या अधिस्वरांवरून मेंदू तो भरून काढतो. झेबेक आणि ओहम (हो, तोच रोधाचा नियम सांगणारा) यांच्यात १८४०च्या दशकात याच प्रश्नावर वाद झाला होता. लॅपटॉपच्या स्पीकरमधून खर्ज ऐकू येतो तो बहुतेक असा मेंदूने पुरवलेला असतो. डग्ग्याची घुमक तेथे कशीबशी ओळखू येते तीही यामुळेच. आवाजात मुद्दाम असे अधिस्वर मिसळून खर्जाचा भास निर्माण करणारी तंत्रे बाजारात आहेत, आणि त्यांना फसवणूक म्हणावे की हुशारी, याचा निर्णय मी करू इच्छित नाही.

हा प्रयोग वर्गात जरूर करावा. ऑडॅसिटीमध्ये चार वेगवेगळ्या पट्ट्यांवर ४००, ६००, ८०० आणि १,००० हर्ट्झचे सूर तयार करावेत आणि एकत्र वाजवावेत. मग शेजारी नुसता २०० हर्ट्झचा सूर वाजवावा. पहिल्यात २०० हर्ट्झ कोठेच नाही, तरी स्वर तोच लागतो. मात्र एक काळजी घ्यावी. हा प्रोग्राम सुराचा आयाम आपणहून ०.८ ठेवतो. असे चार सूर मिळवले की बेरीज १ च्या बाहेर जाते, तरंग छाटला जातो, आणि छाटण्यातून २०० हर्ट्झचा खराखुरा सूर जन्माला येऊ शकतो. मग प्रयोग खोटा ठरतो. प्रत्येक सुराचा आयाम ०.२ ठेवावा. वरच्या वर्गात आधी ०.८ ने आणि मग ०.२ ने करून फरक विचारला, तर छाटणीचा धडाही त्यातच होऊन जातो.

सेटिंगांपैकी एकाची शिफारस करायला हरकत नाही. विंडोजच्या बऱ्याच यंत्रांवर 'लाउडनेस इक्वलायझेशन' नावाची सोय असते. ती मोठे आवाज दाबून हळू आवाज वर उचलते, म्हणजे लिकलायडरचे काम न छाटता, सभ्यपणे करते. बोलण्यासाठी ती उत्तम. संगीतातला चढउतार मात्र सपाट होतो. दुसरे एक सेटिंग नकळत छळते. ऑनलाइन सभेचा प्रोग्राम आवाज वापरत असेल, तर विंडोज बाकीचे आवाज ८० टक्क्यांनी कमी करू शकते. ध्वनीच्या जुन्या नियंत्रण-खिडकीत 'कम्युनिकेशन्स' या पानावर ते बंद करता येते. चित्रफीत एकाएकी कुजबुजू लागली तर आधी हे पाहावे.

परात, भांडे आणि भिंत

घरगुती उपायांना हसणारे पुष्कळ असतात. मला ते उपाय प्रोग्रामांपेक्षा प्रामाणिक वाटतात, कारण ते करून पाहता येतात आणि त्यांचे भौतिकशास्त्र उघड्यावर असते. फक्त त्यांचे स्पष्टीकरण चुकीचे दिले जाते. फोन स्टीलच्या भांड्यात ठेवला की 'भांडे आवाज वाढवते' असे मुलांना सांगतात. भांड्याला वीज कोठून मिळाली? १२ सेंटिमीटर खोल भांड्यातला हवेचा स्तंभ सहाशे ते सातशे हर्ट्झच्या आसपास अनुनाद दाखवतो. तेवढाच टापू फुगतो, बाकीचा जवळजवळ तसाच राहतो. आवाज मोठा होतो, पण भांड्यातून बोलल्यासारखा होतो. व्यंजनांना त्याचा काही लाभ नाही.

परातीचे तसे नाही. अनेक लॅपटॉपांचे स्पीकर तळाशी किंवा बाजूला असतात आणि आवाज वर्गाकडे न जाता भलतीकडे जातो. २,००० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी सुमारे १७ सेंटिमीटर. चाळीस सेंटिमीटरची परात तिच्यापेक्षा बरीच मोठी, म्हणून ती हा ध्वनी परतवून वर्गाकडे वळवते. २०० हर्ट्झची तरंगलांबी १.७ मीटर; तो ध्वनी परातीला वळसा घालून निघून जातो. नेमकी व्यंजनेच वळवली जातात आणि खर्ज सोडून दिला जातो, म्हणजे आपल्याला हवे तेच. तळाशी स्पीकर असलेले यंत्र टेबलक्लॉथवर किंवा वह्यांच्या गठ्ठ्यावर ठेवू नये, उघड्या कठीण टेबलावर ठेवावे. एवढ्याने होणारा फरक अनेक प्रोग्रामांहून मोठा असतो.

भिंतीजवळ ठेवण्याचा सल्लाही बरोबर आहे, पण भिंत तरंगलांबीच्या मानाने जवळ असली तरच. ३०० हर्ट्झला तरंगलांबी सुमारे सव्वा मीटर. तेव्हा वीतभर अंतर चालेल, मीटरभर नाही.

आणि आता तो उपाय, जो या सल्ल्यांत सहसा नसतो. मुलाला ६ मीटरवरून दीड मीटरवर आणले, तर त्याच्याकडे थेट येणारा आवाज १२ डेसिबलने वाढतो. हेच काम विजेने करायचे तर शक्ती सोळापट हवी, म्हणजे २ वॅटचे ३२ वॅट. वर्गात भिंतींवरून परतणारा निनाद सगळीकडे पसरलेला असतो, म्हणून एकूण आवाजात वाढ इतकी दिसत नाही. पण निनाद शब्द पुसट करतो. शब्द स्पष्ट आणतो तो थेट आवाजच. साधारण वर्गखोलीत यंत्रापासून एक-दोन मीटरच्या पुढे गेले की निनादाचे राज्य सुरू होते. तेथे आवाज वाढवला की निनादही तेवढाच वाढतो, आणि मागच्या बाकाला काही मिळत नाही. अमेरिकेत वर्गखोल्यांसाठी २००२ साली ठरलेल्या मानकात रिकाम्या वर्गातला पार्श्वआवाज ३५ डेसिबलपर्यंत आणि निनादकाल ०.६ सेकंदांपर्यंत असावा असे म्हटले आहे. पत्र्याचे छप्पर, चार उघड्या भिंती आणि रस्त्याकडची खिडकी असलेल्या वर्गाला हे आकडे ऐकवण्यात अर्थ नाही. बाक बाजूला सारून वीस-वीस मुलांची दोन अर्धवर्तुळे करून चित्रफीत दोनदा दाखवणे मात्र शक्य आहे. वेळ दुप्पट जातो, हे खरे. बाहेरचा तारेचा स्पीकर मिळत असेल तर अर्थातच घ्यावा. मोठा पडदा आणि मोठी पेटी यांना पर्याय नाही, आणि तो उंचावर, मुलांच्या डोक्यांच्या वर ठेवावा.

कोणता उपाय आपल्या वर्गात लागू पडतो, हे कानाला 'बरे वाटते' यावरून ठरवू नये. शिक्षक यंत्राजवळ उभा असतो. त्याच्या कानाचा येथे काही उपयोग नाही. जोडीजोडीने जवळचे शब्द निवडून फोनवर वाचून मुद्रित करावेत: ताट-थाट, साल-शाल, पळ-फळ, गार-घार, बार-भार, वेल-वेळ, कडी-खडी. मागच्या बाकावरच्या मुलांनी ऐकलेला शब्द लिहायचा. एकदा यंत्र आहे तसे, एकदा बूस्टर लावून, एकदा खर्ज कापून, एकदा परात लावून, एकदा अर्धवर्तुळात; आणि प्रत्येक वेळी चुका मोजायच्या. ल-ळ आणि स-श यांच्या चुका वेगळ्या मांडाव्यात, कारण काही मुलांच्या घरच्या बोलीत हा भेद नसतो आणि तो दोष स्पीकरच्या नावावर पडायला नको. पंखा सुरू ठेवून आणि बंद करून, असे दोन्ही करावे. शब्दांचा क्रम दर वेळी बदलावा, नाहीतर तिसऱ्या फेरीपर्यंत यादी मुलांना पाठ होते.